तिसरा ठिपका

३ जानेवारी

मिस्त्रीणबाई,

या नावाने हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, माहीत नाही. दुसरं काही लिहून पाहिलं, पण ते बँकेच्या पत्रासारखं दिसायला लागलं, म्हणून हेच राहू दिलं. तुझा पत्ता धाकट्याकडून घेतला. त्याच्यावर चिडू नकोस. बहिणीला दिलेला शब्द मोडवत नाही म्हणून तो आठ दिवस नाही नाही म्हणत होता, मीच त्याचा पिच्छा सोडला नाही.

काम आहे म्हणून लिहितोय. ताडपत्रीखालची गाडी मी बाहेर काढली. तुझी आई तिला अजूनही सवतच म्हणते. उंदरांनी वायरिंग खाल्लं होतं, टाकी आतून गंजली होती, पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटून बसला होता. चार महिने लागलो आणि परवा दुसऱ्या किकला सुरू झाली. आवाज तोच, तुला आवडायचा तो. सायकलवाला समोरच्या दुकानातून हातातलं चाक टाकून धावत आला.

धाकट्याच्या लग्नाला नऊ फेब्रुवारीला वर्ष होतंय. सूनबाईला मागे बसवून दोन दिवस घाटात जाऊन यायचं त्याच्या मनात आहे. तोवर गाडी तयार करून देतो, असं मी चारचौघांत बोलून बसलोय. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

घोडं अडलंय ते क्लचपाशी. गाडी थंड असली की क्लच छान सुटतो. अर्धा-पाऊण तास फिरवून आणली की लिव्हर पूर्ण दाबला तरी गाडी पुढे ओढते आणि उभ्या गाडीला न्यूट्रल सापडत नाही. यावर तुला काही सुचतं का? सहज विचारतोय. तुझा हात हलका होता, माझ्या आधी तुला कळायचं.

जुन्या गोष्टी उकरायला लिहिलेलं नाही. हे फक्त गाडीचं आहे.

आईचा गुडघा थंडीत जास्त धरतो. जिना अजून एकेक पायरीच चढते.

बाबा

१२ जानेवारी

मिस्त्रीणबाई,

उत्तर आलं नाही. टपालाचा काही नेम नाही, असं आईला सांगितलंय. ती नुसती हसली.

काय काय केलं ते लिहितो. केबल नवीन टाकली. प्लेटा एकेक सोडवून रॉकेलमध्ये धुतल्या, काचेवर ठेवून सरळ आहेत का पाहिल्या. प्लेटा बसतात त्या बास्केटच्या दातांना खाचा पडल्या होत्या, त्यात प्लेटा अडकत असतील म्हणून कानशीने साफ केल्या. स्प्रिंगा सारख्या उंचीच्या निवडून घातल्या. ऑइल पातळ घातलं. एवढं करून पुन्हा तेच. बाजूच्या टोपीखालचा, क्लचचा सैलपणा काढायचा स्क्रू थोडा फिरवून घेतला की दिवसभर गाडी शहाण्यासारखी वागते, दुसऱ्या दिवशी लिव्हर परत सैल. रोज पाव आटा म्हणजे पाव फेरा, रोज पाव आटा. चाळीस वर्षं हे काम केलं, पण या गाडीपुढे हात टेकायची वेळ आली.

काल सूनबाई चहा घेऊन आली आणि क्लच म्हणजे नक्की काय असतं, असं विचारत होती. मी दोन ताटल्या एकमेकींवर दाबून दाखवल्या. म्हटलं, एक ताटली इंजिनाची, एक चाकाची. स्प्रिंगा त्यांना घट्ट धरून ठेवतात म्हणून गाडी पळते. लिव्हर दाबला की केबल ओढली जाते, केबल एका रॉडला ढकलते, रॉड ताटल्यांना दूर करतो, की इंजिन एकीकडे, चाक एकीकडे. ती म्हणाली, "म्हणजे हाताने घट्ट धरलं की आतले सुटतात? सासूबाई बघा, तुमच्या घरात यंत्रंसुद्धा उलटी." तुझी आई किती दिवसांनी मोठ्याने हसली. ही पोरगी तुला आवडेल. अर्थात तू लग्नाला आली नाहीस म्हणून तुला माहीत नाही. टोमणा नाही मारत. मारला असेन तर तो खोडलेला समज.

दिवस चाललेत. धाकटा रोज संध्याकाळी कामावरून आला की हेल्मेट न काढता आधी गाडीपाशी जातो. घाटात उतारावर क्लच सुटला नाही तर काय होईल, हे मला त्याला सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.

तू कारखान्यात सुटे भाग तपासायच्या खात्यात आहेस असं कळलं. बरं वाटलं. तुझ्या हातून वाईट माल सुटायचा नाही.

बाबा

२० जानेवारी

बाबा,

दोन्ही पत्रं मिळाली. सहज विचारत असाल तर मला काही सुचत नाही. विचारायचं असेल तर सरळ विचारा.

केबल, प्लेटा, बास्केट, स्प्रिंगा, ऑइल, स्क्रू. सगळं लिहिलंत. रॉडचं लिहिलं नाहीत.

आईला गुडघा शेकायला सांगा.

२४ जानेवारी

मिस्त्रीणबाई,

सोळा वर्षांनी पत्र आलं आणि त्यात मोजून चार ओळी. मी ते तीनदा वाचलं, आईने किती वेळा वाचलं मोजलं नाही. तिने ते पिठाच्या डब्यामागे ठेवलंय, म्हणजे मला सापडणार नाही असं तिला वाटतं.

रॉडचं लिहिलं नाही, कारण रॉड मी स्वतः केलेला आहे. मूळचा सोळा वर्षांपूर्वी वाकला होता, दुसरा कुठे मिळेना, म्हणून लेथवर चांगल्या सळईचा बनवला. माझ्या हातचं काम आधी उघडून बघायचं आणि कंपनीचं मागाहून, अशी माझी पद्धत नाही. राग आला होता म्हणून हे लिहितोय. राग आता थोडा उतरलाय.

बरं, सरळ विचारतो. त्या दिवशी चौकात क्लच तुझ्या हाताला कसा लागत होता?

हा प्रश्न मी तुला कधी विचारला नाही, हे माझ्या लक्षात आहे. दवाखान्याच्या व्हरांड्यात तू माझ्याकडे बघत होतीस आणि मी विचारायच्या ऐवजी निकाल देऊन मोकळा झालो. "तू क्लच सोडलास आणि आता खोटं बोलतेस." आत्या, सायकलवाला, वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई, सगळे ऐकत होते. दुसऱ्या दिवशी गाडी अंगणात आणून, स्टँडवर चढवून, त्याच सगळ्यांसमोर सुरू केली, गिअर टाकला, क्लच दाबला आणि मागचं चाक हाताने धरून थांबवून दाखवलं. बघा, क्लचला काही झालेलं नाही. तू दारात उभी होतीस. आठव्या दिवशी तू गेलीस.

गाडीला आत्ता तेच होतंय जे तू तेव्हा सांगत होतीस. एवढं मला लिहिता येतंय. याच्या पुढचं अजून येत नाही.

पंधरा दिवस उरलेत. उत्तर लवकर दे.

बाबा

२८ जानेवारी

बाबा,

सरळ विचारलंत म्हणून लिहिते.

आईला मागे बसवून घरातून निघाले तेव्हा लिव्हर नेहमीसारखा होता. पुलापर्यंत ठीक. बाजाराच्या रस्त्यावर गर्दी होती, क्लच सारखा दाबावा लागत होता आणि तिथून तो सैल व्हायला लागला. चौकात ट्रकच्या मागे थांबलो. न्यूट्रल पडेना, म्हणून पहिल्या गिअरमध्येच लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबून धरला. तरी गाडी पुढे सरकत होती. ब्रेक दाबला की इंजिन बंद पडायला बघायचं, म्हणून थोडा ॲक्सिलरेटर दिला, आणि तिने पुढे उडी घेतली. आईचा पाय ट्रकच्या बंपरमध्ये सापडला आणि गाडी आमच्यावर आडवी झाली.

मी क्लच सोडला नव्हता. लोकांनी गाडी उचलली तेव्हाही माझी चार बोटं लिव्हरवर आवळलेली होती. भाजी घ्यायला आलेल्या एका बाईने ती एकेक करून सोडवली. तिचं नाव मी विचारलं असतं तर साक्षीला उपयोग झाला असता. तेव्हा सुचलं नाही. आपल्या घरात साक्षीदार लागेल असं वाटलं नव्हतं.

आता माझा प्रश्न. आई मागे बसली होती, मी किक मारली होती, आणि निघायच्या आधी मी तुम्हाला दोन शब्द विचारले. तुम्ही उत्तर दिलंत. ते आठवा आणि मग रॉड बाहेर काढा. आठवल्याशिवाय काढू नका.

धाकट्याला त्या गाडीवर बसू देऊ नका.

४ फेब्रुवारी

मिस्त्रीणबाई,

तुझं पत्र एक तारखेला आलं. त्यातलं शेवटचं वाक्य मी त्याच संध्याकाळी पाळायला हवं होतं. पाळलं नाही. पत्र घडी घालून पक्कडीच्या खणात ठेवलं आणि धाकट्याला म्हटलं, अजून थोडं काम आहे. काय काम आहे ते सांगितलं नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

रविवारी मी गॅस्केट आणायला गेलो. तेवढ्यात त्याने गाडी काढली. सूनबाईला मागे बसवून पेट्रोल पंपापर्यंत एक चक्कर. मी परत आलो तर दोघं गाडी ढकलत गल्लीत शिरत होते. पुढचा मडगार्ड चेपलेला, सूनबाईच्या कोपराला खरचटलेलं. रेल्वेच्या फाटकात थांबले असताना गाडी पुढे सरकायला लागली आणि त्याने कशीबशी खांबावर वळवली. खांब तिथे नसता तर रूळ होते. गाडी लावून तो म्हणाला, "बाबा, क्लच दाबला तरी ओढते हो."

आणि मी काय म्हणालो माहीत आहे? "तू नीट दाबला नसशील."

तुझं पत्र त्याच खणात होतं, हाताच्या अंतरावर. तरी माझ्या तोंडून हेच बाहेर पडलं.

आत आई भांडी घासत होती. तिचा हात थांबला, नळ तसाच चालू राहिला. तुला ठाऊक आहे, स्वयंपाकघरातून वर्कशॉपच्या दारापर्यंत यायला तिला वेळ लागतो. ती दारापर्यंत आली. साबणाचे हात तसेच धरून ती म्हणाली, "खणातलं पत्र मी वाचलंय. काढा तो रॉड."

काढला.

बोटभर जाडीचा, वीतभर लांबीचा रॉड. ज्या टोकाला प्लेटांचा दाब येतो ते टोक निळं पडलंय आणि घणाखाली ठेचलेल्या खुंटीसारखं पसरलंय. लांबीला दोन मिलिमीटरच्या वर कमी भरतो. क्लच दाबून धरला की ते टोक फिरणाऱ्या पोलादावर घासतं, तापतं, मऊ पडतं, झिजतं. टोकाला पाणी दिलेलं असतं, म्हणजे लाल तापवून तेलात बुडवून कडक केलेलं असतं, तर ते झिजलं नसतं. रॉडच्या मधोमध पंचाच्या टोकदार खिळ्याने ठोकलेले माझे ठिपके आहेत. दोन.

तू काय विचारलं होतंस ते मला आठवत होतं. सोळा वर्षांत एक दिवस विसरलो नव्हतो. तू विचारलंस, "तिसरा ठिपका?"

आपली रीत धाकट्याला माहीत नव्हती, ती त्या दुपारी त्याला पहिल्यांदा सांगितली. लेथवरून भाग उतरला की पहिला ठिपका. माप बरोबर बसलं की दुसरा. पाणी दिलं की टोकावर कानस फिरवून बघायची. कानशीने टोक खरवडलं तर कच्चं, ती नुसती घसरली तर पक्कं, आणि मगच तिसरा. ज्याने पाणी दिलं त्याने तिसरा ठिपका मारायचा नाही, दुसऱ्याने तपासून मारायचा. नियम माझाच. तू बारा वर्षांची झालीस तेव्हापासून तिसरा ठिपका तुझा होता. ओठ दाबून पंच धरायचीस, एकच ठोका द्यायचीस.

त्या दिवशी भट्टी पेटवलेली नव्हती. चार वाजता तुम्हाला मावशीकडे पोहोचायचं होतं, आणि गाडी तीन वाजता तयार ठेवतो असं मी गल्लीभर सांगून बसलो होतो. म्हटलं आजच्या दिवस चालेल, उद्या काढून पाणी देऊ. तू विचारलंस आणि मी खेकसलो, "दिलंय पाणी, मी तपासलंय. प्रत्येक गोष्टीत तुझी तपासणी कशाला? निघा आता." पाणी दिलेलं नव्हतं. मी खोटं बोललो आणि तुला खोटारडी म्हटलं.

अजून एक आहे. हे तुलाही माहीत नाही.

चाक थांबवून दाखवलं ना सगळ्यांना? त्याच्या आधी, लोक जमायच्या आधी, मी टोपी उघडून स्क्रू दीड आटा आत फिरवला होता. लिव्हर इतका सैल होता की नुसता लोंबत होता. हाताला सवय आहे, गाडी दिसली की आधी क्लच जुळवून घेतो, असं मी स्वतःला सांगत आलो. सवय खरी आहे. पण दीड आटा फिरवताना मला कळत होतं की रॉड झिजलाय, आणि का झिजलाय तेही कळत होतं. लोकांना मी जो क्लच दाखवला तो तू चालवलेला क्लच नव्हता. तू दारात उभी राहून बघत होतीस आणि मी तुझ्या तोंडाकडे बघायचं टाळत चाक धरून उभा होतो. मला याची लाज वाटते. लाज हा शब्दसुद्धा फार लहान वाटतो, पण मला दुसरा येत नाही.

काल, सोमवारी, त्याच सगळ्यांना बोलावलं. आत्या, सायकलवाला, शिवणकामवाल्या बाई. रॉड टेबलावर ठेवला आणि वर लिहिलंय तेवढं सगळं बोललो, स्क्रूचंसुद्धा. आत्या म्हणाली, "पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं रे त्या नादात," आणि पदर तोंडाला लावून बसली. शिवणकामवाल्या बाईंनी रॉड हातात घेऊन दोन ठिपक्यांवर नख फिरवलं. सायकलवाला माझा तीस वर्षांचा मित्र. तो उठला, चहा तसाच ठेवला आणि गेला. आज सकाळी दुकान उघडताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. धाकटा माझ्याशी कामापुरतं बोलतो.

आईला मी विचारलं, तुला कधी शंका आली होती का? ती म्हणाली, "मला त्यातलं काय कळतंय? पण तिने विचारलेलं मी ऐकलं होतं, मागे बसले होते ना. उत्तर देताना तुम्ही तिच्याकडे पाहिलं नव्हतंत. तुम्ही आज सांगाल, उद्या सांगाल म्हणून मी मूग गिळून बसले. माझंही चुकलंच." मग ती गुडघा चोळत बसली. माझ्याच्याने तिथे थांबवेना.

नऊ तारखेचा बेत मोडला. नवीन रॉड केलाय. भट्टी पेटवून टोक लाल केलं, तेलात बुडवलं. पहिला ठिपका मारला, दुसरा मारला. तिसऱ्याची जागा मोकळी आहे. धाकट्याला कानस धरता येते, पण त्याने पंचाला हात लावला नाही. "तो ताईचा आहे," म्हणाला, आणि ते मला सांगायची गरज नव्हती.

जुना रॉड या पार्सलात आहे. तो तुझ्याकडे राहू दे. कोणाला दाखवायचा असेल त्याला दाखव.

गाडी क्लचचं झाकण उघडं ठेवून उभी आहे. तू ये असं म्हणायचं तोंड मला नाही. तू आली नाहीस तर ती तशीच राहील, आणि त्याचा दोष या वेळी मी दुसऱ्या कोणावर ढकलणार नाही.

बाबा

८ फेब्रुवारी

बाबा,

पार्सल मिळालं. रॉड इथल्या यंत्राखाली ठेवून टोकाचं कठीणपण मोजलं. एकदा नाही, पाच ठिकाणी. सगळीकडे कच्चं. आकडे कागदावर लिहून खाली सही केली, जशी रोज इतरांच्या मालावर करते, आणि मग डबा खायच्या खोलीत जाऊन रडले. शेजारच्या टेबलावरची बाई विचारत होती, घरून वाईट बातमी आहे का? 

तुम्हाला एक माहीत नाही. चार-पाच वर्षांनी मलाच वाटायला लागलं होतं की मी क्लच सोडला असेन. बोटं आवळलेली आठवायची, पण तुम्ही चाक थांबवून दाखवलंत तेही आठवायचं, आणि तुमचा हात चुकत नाही हे मी लहानपणापासून धरून चालले होते. त्यानंतर मी कुठलीच गाडी चालवलेली नाही. बसने जाते. कारखान्यातले सगळे हसतात, इंजिनाचे भाग तपासते आणि स्कूटरला घाबरते म्हणून.

माफीचं मला आत्ता काही सांगता येत नाही. विचारू नका.

पुढच्या शनिवारी सकाळी साडेनऊला पोहोचते. घ्यायला धाकट्याला पाठवा, तुम्ही येऊ नका. आईला सांगा, तिच्याशीही मला बोलायचं आहे. सूनबाईच्या कोपराला काय लावलंत ते कळवा.

तोवर नव्या रॉडला कोणी हात लावू नका. पंच तुमचा चालेल. कानस मात्र मी माझी आणते आहे.